खांदेमळणीच्या दिवशीचा पंचनामा

माझ्या सख्ख्या बहिणीला हे ठाऊक नाही. नवरा होता तोवर त्याला ठाऊक नव्हतं, आणि मुलीला तर मी आजतागायत पत्ता लागू दिलेला नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही माझे कोण? कुणी नाही – म्हणूनच सांगतेय. ओळखीच्या माणसाला सांगितलं की ते लगेच "जाऊ द्या हो सिस्टर, तुमचा काय दोष त्यात" असं म्हणायला लागतं. मला ते ऐकायचं नाही. दोष माझाच आहे, आणि तो वाटून घ्यायला मला कुणी नकोय.

मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. परभणी जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. नाव सांगत नाही. जिंतूर नव्हे, एवढं सांगते, नाहीतर जिंतूरचे लोक उद्या माझ्या दारात येऊन बसतील. त्या गावी आज गेलात तर सरकारी दवाखान्याला खेटून एक तीन मजली खाजगी हॉस्पिटल दिसेल. काचेची दारं, बाहेर औषधाची दोन दुकानं. शेजारचा सरकारी दवाखाना त्याच्यापुढं अगदी बापुडा दिसतो. ते हॉस्पिटल सरकारी दवाखान्याच्याच जागेवर उभं आहे, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. डॉक्टरांनी जागा गिळली म्हणतात, पुढाऱ्यांनी हात धुऊन घेतले म्हणतात. माझं नाव कुणीच घेत नाही. आणि घ्यायला पाहिजे, कारण ती जागा कशी गिळायची हे मी सांगितलं.

थांबा. आधी एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे पुढं गैरसमज नको. मला त्या हॉस्पिटलची लाज वाटत नाही. अजिबात नाही. परभणीच्या रस्त्यावर मी बायका मरताना बघितल्यात. मूल आडवं आलेलं, आमच्याकडं ऑपरेशनची खोली म्हणजे एक टेबल, एक गळका नळ, आणि भूल द्यायला माणूस नाही. जीप मिळाली तर परभणी. नाही मिळाली तर? एकदा एका बाईचा हात माझ्या हातात होता आणि जीपचा ड्रायव्हर वाटेत उतरून चहा पीत होता. तो चहा पिऊन येईपर्यंत हात गार पडला. तुम्ही असता त्या जीपमध्ये, तर तुम्हीही म्हणाला असता – कुणाच्याही जागेवर बांधा, पण थिएटर बांधा.

तर आमचे मोठे डॉक्टर – तेव्हा सरकारी नोकरीत, आमच्याच दवाखान्याचे प्रमुख – त्यांनी एक दिवस ड्रेसिंगच्या खोलीत मला बसवून केसपेपरच्या पाठीमागं नकाशा काढून दाखवला. एक ट्रस्ट काढायचा. दवाखान्यामागची मोकळी जागा सरकारकडून भाडेपट्ट्यानं घ्यायची. तिथं खरंखुरं थिएटर बांधायचं, गरिबांना काही खाटा फुकट ठेवायच्या. आपण राजीनामा देऊन तिकडं जायचं. "आणि मेट्रन तुम्ही, सिस्टर." असं म्हणून त्यांनी नकाशात एक चौकोन काढला. ती माझी खोली.

मला थिएटर हवं होतं आणि मला मेट्रन व्हायचं होतं. जास्त काय हवं होतं? तो चौकोन.

मागची मोकळी जागा! मोकळी ती कधीच नव्हती. आम्ही तिला गाडीतळ म्हणायचो. शहरातल्या माणसाला हे कळायचं नाही, पण आमच्याकडं त्या काळी आजारी माणूस एकटं येत नसे. बैलगाडी जुंपायची, त्यात पेशंट, त्याची बायको, एखादी म्हातारी, ज्वारीच्या पिठाचं गाठोडं, सरपण, बैलांना कडबा. गाडी दवाखान्यामागं सोडायची, बैल लिंबाला बांधायचे, तीन दगड मांडून चूल पेटवायची. पेशंट आत, घर बाहेर. आठ दिवस म्हणा, महिना म्हणा. सरकार पेशंटला दूध-पाव द्यायचं आणि पेशंटचं माणूस त्याला भाकरी द्यायचं. खरं सांगू? जगायचा तो भाकरीवरच. विद्यापीठाच्या नामांतराचं पहिल्यांदा पेटलं, वस्त्या जळाल्या, तेव्हा भाजलेली आणि डोकी फुटलेली माणसं आमच्याकडं आली. त्यांच्या बायकापोरांना परत जायला घर उरलं नव्हतं, ती याच गाडीतळावर राहिली. त्यांना प्यायच्या पाण्याचा नळ मी स्वतः भांडून लावून घेतला होता. नंतरच्या वर्षांत मोर्चे निघायचे ते त्या नावासाठी, नाहीतर त्या नावाच्या विरोधात. गाडीतळासाठी कोण मोर्चा काढणार होतं?

सरकारनं जागा द्यायची तर आधी पंचनामा लागतो – जागा मोकळी आहे, दवाखान्याच्या वापरात नाही, असा. तो करायला गिरदावर आले. गिरदावर म्हणजे तहसीलचा अधिकारी, तलाठ्याच्या वरचा. हे साताऱ्याकडचे होते, नवीनच बदलून आलेले. डॉक्टरांना वाटलं, चहा पाजू, सही घेऊ. पण साहेब आले नेमके आठवडी बाजाराच्या दिवशी. गाडीतळावर पाय ठेवायला जागा नाही. गाड्या, बैल, चुली, वाळत घातलेली लुगडी, एक म्हातारी तर चक्क साहेबांच्या बुटाशी कांदा चिरत बसलेली. साहेबांनी चारी बाजूंनी बघितलं आणि वही मिटली.

"डॉक्टर, ह्याला मोकळी जागा म्हणत्यात का वो?" ते म्हणाले. "मला जे दिसतंय तेच मी लिहिणार. मोकळी दिसली तर मोकळी लिहीन, माझं काय जातंय."

आणि गेले. चहाही घेतला नाही.

आता माझी अक्कल बघा. डॉक्टर डोकं धरून बसले होते. हा माणूस पैसे खाणारा नव्हता, दमदाटीला भिणारा नव्हता. पण एक गोष्ट तो स्वतःच सांगून गेला होता – दिसेल ते लिहीन. म्हणजे खोटं त्याच्या कागदात घालायची गरजच नव्हती. मैदानात मांडून ठेवलं की झालं. डॉक्टर शिकलेले, पण शेतकऱ्याच्या घरात जन्मलेले नव्हते. मी ताडकळसकडची, बैलांच्या दावणीशेजारी वाढलेली. मी म्हणाले, "डॉक्टर, त्यांना खांदेमळणीला बोलवा."

खांदेमळणी म्हणजे पोळ्याचा आदला दिवस. वर्षभर जू ओढून बैलाच्या खांद्याला घट्टे पडलेले असतात, त्या दिवशी त्याला नदीवर धुवायचं, खांदे हळद-तुपानं मळायचे, उद्या जेवायला या म्हणून त्याला आवतण द्यायचं. आणि त्या सकाळपासून पोळा होईपर्यंत बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही. म्हणजे नाहीच. मी लहान असताना नेमक्या त्याच दिवशी आईला विंचू डसला. आमच्या आण्णांनी तिला पाठीवर घेऊन दोन कोस चालत नेलं, पण गाडी जुंपली नाही. आईनंही जुंपा म्हटलं नाही. अशी रीत असलेल्या मुलखात गाडीतळावरच्या गाड्या काय करणार? एक दिवस आधीच जुंपून गावाकडं जाणार. बैल घरी पाहिजेत ना! पेशंट दोन दिवस राहील दूध-पावावर.

सुट्टी पोळ्याची असते, खांदेमळणीची नसते. म्हणजे कचेरी चालू. आणि साताऱ्याकडं पोळा नाही, बेंदूर. तो आषाढात होऊन गेलेला. उद्या पोळ्याची सुट्टी आहे हे साहेबांना माहीत होतं. आदल्या दिवसापासूनच सगळा मुलूख बैलांसाठी थांबतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

डॉक्टर माझ्याकडं बघतच राहिले. "सिस्टर, तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतं." मला काय वाटलं तेव्हा? आनंद झाला. असा आनंद मला नर्सिंगची परीक्षा पास झाल्यावरही झाला नव्हता. आणि खोटं कशाला बोलू – ती युक्ती सुचल्याचा थोडासा तोरा मला आजही आहे. म्हणा निर्लज्ज. म्हणा की.

एवढंच असतं तर मी तोंड उघडलं नसतं. सरकारच्या डोळ्यांत धूळ फेकली, त्यात काय एवढं? आमच्या तालुक्यात ती रोज फेकली जायची. पण सगळ्या गाड्या जाणार होत्या आणि एक माणूस जाणार नव्हतं. त्या माणसाकडं बैलच नव्हते.

सोजरबाई तिचं नाव. नदीपल्याडच्या एका वाडीची. जमीन नाही, बैल नाहीत, दसरा झाला की नवरा-बायको कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे. नवरा लिंबाजी, टीबीचा पेशंट. व्हरांड्याच्या टोकाला टीबीच्या चार खाटा होत्या, त्यातल्या एकीवर तो आषाढापासून पडून होता. त्या वेळी टीबीला महिनोन्‌महिने सुया द्याव्या लागायच्या, सुरुवातीला तर रोज एक. मध्ये सोडली की आजार परत उसळायचा, आणि मग तो कुठल्याच औषधाला ऐकायचा नाही. दवाखान्यात राहूनच ते जमणार होतं. आणि लिंबाजी दवाखान्यात राहणार कधी? सोजर बाहेर असली तर. तो पावाला शिवायचा नाही, सुईच्या आधी पोटात काही गेलं नाही तर दिवसभर ओकायचा, आणि ओकला की म्हणायचा, मला घरी न्या. सोजरनं गाडीतळाच्या कोपऱ्यात लिंबाखाली दोन बारदानांचं पाल ठोकलं होतं. तिची चूल पेटली की तो खायचा. तो खायचा म्हणून सुई चालू होती. सगळं एवढ्यावर टिकलेलं. हे मला माहीत नव्हतं का? रोज सुई मीच तर द्यायची.

"बाई, दोन म्हैन्यांत बघा कसे भरून यायलेत," असं ती मला सांगायची, आणि लिंबाजीचं मनगट धरून दाखवायची. काहीही भरून आलेलं नसायचं. पण खोकल्यातलं रक्त थांबलं होतं, हे खरं.

मला ती आवडायची, हेही सांगून ठेवते. कामाची बाई, कटकट नाही. माझ्या क्वार्टरमधली घागर न सांगता भरून ठेवायची.

खांदेमळणीच्या दिवशी सकाळी गाडीतळ असं मोकळं पडलं होतं की मलाच ओळखू येईना. सगळीकडं चुलींची राख आणि कडब्याचा चुरा, ते झाडून घेतलं. मी सोजरकडं गेले. म्हटलं, "सोजर, आज साहेब येणारेत. हे सगळं काढायचंय. तू वॉर्डात जाऊन बस, मी सांगेपर्यंत बाहेर येऊ नकोस." तिनं मान डोलावली आणि गेली. मी माझ्या हातानं तिचं पाल सोडलं, बारदानांची घडी घातली. चुलीत पाणी ओतलं. दगड पायानं उडवले. पांढरीफेक साडी नेसून हे सगळं केलं, पदर खोचून. शिपायाला सांगता आलं असतं. पण मला ते नीट व्हायला हवं होतं.

अकराच्या सुमाराला साहेब आले. बरोबर तलाठी, दोन पंच. साहेब मैदानाच्या मधोमध उभे राहिले, पुन्हा चारी बाजूंनी बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं. "त्या दिवशी लय गर्दी होती वो," ते म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "बाजार होता साहेब. बाजाराचे लोक घुसतात." साहेबांनी वही उघडली. तलाठ्यानं शाईचं पेन दिलं. लिहिणं सुरू झालं.

आणि कोपऱ्यातून धूर निघाला.

लिंबाच्या मागं सोजरबाई. सुईची वेळ जवळ आली होती आणि लिंबाजीच्या पोटात काही नव्हतं. माझं ऐकून ती वॉर्डात बसली होती खरी, पण घड्याळ तिला माझ्याइतकंच कळत होतं. गपचूप मागच्या अंगानं येऊन, मी उडवलेले दगड गोळा करून, तिनं कण्यांची पेज चढवली होती. साहेब सरळ तिच्याकडं निघाले. आम्ही सगळे त्यांच्या मागं.

"बाई, तुमी इथं राहता का?" साहेबांनी विचारलं.

ती उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला. माझ्याकडं बघितलं.

"किती दिवस झालं?"

पुन्हा माझ्याकडं. मी म्हणाले, "कालच आलीय साहेब. नवरा दाखवायला आणलाय. उद्या जाईल."

किती सहज बोलले म्हणून सांगू! जीभ अडखळली नाही. ज्या बाईनं माझी घागर दोन महिने भरली, तिच्या तोंडावर मी म्हणाले, कालच आलीय. साहेब शहाणे होते. ते म्हणाले, "मी त्यांना विचारलं, सिस्टर." आणि तिच्याकडं वळले. "बोला बाई. भ्यायचं काय कारण न्हाय. किती दिवस राहायलाय इथं?"

त्या क्षणी सगळं तिच्या हातात होतं. एक वाक्य. दोन महिने – एवढं म्हणाली असती तर वही पुन्हा मिटली असती, आणि गाडीतळ गाडीतळ राहिलं असतं. तिला हे कळत होतं का? साहेब जागा लिहायला आलेत एवढं तिला कळत होतं. ती काही खुळी नव्हती.

"बाई म्हणतात तसंच हाय, सायेब," ती म्हणाली. "कालच आलो आमी."

साहेबांनी लिहिलं. मी खांद्यावरून वाचलं – जागा मोकळी, दवाखान्याच्या वापरात नाही, एक स्त्री तात्पुरती आढळली. पंचांनी सह्या केल्या. सोजर खाली बसली आणि पेज ढवळायला लागली, ती लागली होती बुडाला.

ती तसं का बोलली, याचं उत्तर मी कित्येक वर्षं स्वतःला असं देत आले की माझ्यावर जीव होता तिचा. बाईंना तोंडघशी कसं पाडायचं, म्हणून बोलली. छान आहे ना उत्तर? मला फार आवडायचं. त्याच्यावर मी नीट झोपायची.

दिवाळीनंतर तारेचं कुंपण आलं. गाड्या दवाखान्यासमोर रस्त्यावर उभ्या राहायला लागल्या. ट्रकचा भोंगा वाजला की बैल बुजायचे, पोलीस हाकलायचे. लोकांनी गाड्या आणणं सोडलं. पेशंटबरोबर एखादं माणूस एसटीनं यायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं. सोजर आधी व्हरांड्यात शिरली. व्हरांड्यात चूल पेटवू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, मीच तिला उठवलं. मग ती एसटी स्टँडच्या भिंतीशी गेली. तिथून उठवलं. मग ओढ्यावरच्या पुलाखाली. तिथून भाकरी घेऊन येईपर्यंत सुईची वेळ टळायची, लिंबाजी उपाशी सुई घ्यायचा आणि ओकायचा. माझ्या क्वार्टरमागं अंगण होतं. पाणी होतं, भिंतीचा आडोसा होता. तीन दगड मावले नसते का तिथं? एक शब्द बोलायचा होता. रोज तिला पुलाकडून येताना बघायची आणि नाही बोलले. अंगणात चूल आली की रोज तिचं तोंड बघावं लागलं असतं, म्हणून.

एके सकाळी ती म्हणाली, "बाई, ह्यांचं नाव काढा. घरी नेते." निम्म्या सुया बाकी होत्या. मी समजावलं का? दोन वाक्यं बोलले, ड्यूटी म्हणून. मग केसपेपरवर लिहिलं – नातेवाइकांच्या इच्छेने घरी नेले. तिचा अंगठा उठवला. शाई पुसायला बोळा पण दिला.

पुढचं तुम्हाला माहीत असल्यासारखंच आहे. ट्रस्टला जागा मिळाली, हॉस्पिटल झालं, मी मेट्रन झाले. खोली मिळाली, दारावर पाटी. पहिलंच सिझर झालं ते नदीपल्याडच्या बाईचं, मूल आडवं आलेलं, दोघंही वाचली. ते मूल आज बापाची शेती बघतं. मला कुणी सांगायला येऊ नये की ते थिएटर व्हायला नको होतं. फुकटच्या खाटा? दोन होत्या, उद्घाटनाच्या फोटोपुरत्या. नंतर त्यांच्यावर धुतलेल्या चादरींचे गठ्ठे असायचे, आणि ते मीच ठेवायला लावायची. आज जे गावकरी जागेच्या नावानं बोटं मोडतात त्यातल्या निम्म्यांची बाळंतपणं मी तिथं केलीत. तेव्हा कुणी विचारलं नाही जागा कुणाची म्हणून. विद्यापीठाचं नाव बदललं त्याच्या आगेमागे कुणीतरी तक्रार केली, चौकशी लागली, पंचनाम्याचा कागद निघाला. चोख कागद. मला बोलावून विचारलं, सिस्टर, तुम्ही तेव्हा होतात ना? मी म्हणाले, कागदात आहे तसंच होतं.

पण मला सांगायचंय ते याच्या आधीचं. बांधकाम चालू होतं तेव्हाचं. पाया भरून भिंती वर आल्या होत्या, भर उन्हाळा. मी नकाशातली माझी खोली बघायला गेले होते, कुठं खिडकी, कुठं कपाट. वाळूची घमेली वाहणाऱ्या बायकांची रांग चालली होती. त्यातल्या एकीनं घमेलं उतरवलं आणि म्हणाली, "बाई, बऱ्या हाव का?"

सोजर. कपाळ मोकळं. मी विचारलं, "कधी?"

"संक्रांतीच्या आदी," ती म्हणाली. "रगात लय पडलं."

मी काहीतरी बोलले, आपण बोलतो ते. ती ऐकत राहिली. मुकादम लांबून ओरडला, तिनं हातानंच आले आले केलं. मग मला म्हणाली – रागानं नाही, डोळ्यांत पाणी नाही, एखादा भाव विचारावा तशी – "बाई, एक इचारू? त्या दिशी म्या सायबाला खरं सांगितलं आस्तं, तर तुमी ह्यांची सुई बंद केली आस्ती का?"

मी म्हणाले, "वेडी का काय तू! असं कुणी करतं का?"

"तेच म्हणलं," ती म्हणाली, आणि घमेलं उचलून गेली.

तिला हा प्रश्न पडलाच कसा? कोणी नर्स सुई बंद करेल, हे तिच्या डोक्यात कुठून आलं? आता ऐका. मघाशी मी तुम्हाला सांगितलं, सोजर, वॉर्डात जाऊन बस, मी सांगेपर्यंत बाहेर येऊ नकोस – आणि ती मान डोलावून गेली. तिथं मी एक वाक्य गाळलं. तुम्हाला सांगायचं ठरवून बसले आणि तरी गाळलं, बघा. ती आधी गेली नव्हती. ती म्हणाली होती, "बाई, सायेब जागेचं इचारायला यायलेत ना? म्या सांगते की त्यान्ला, आमी हितंच ऱ्हातो म्हणून." मोठ्या उमेदीनं म्हणाली होती. तिला वाटलं मी खूश होईन. गाडीतळ वाचवायला मीही निघालेय असं समजत होती ती.

आणि मी म्हणाले, "साहेबांसमोर तोंड उघडलंस, तर उद्यापासून तुझ्या नवऱ्याला सुई नाही."

हे बोलले मी. कुणी बोलायला लावलं नाही. डॉक्टर तिथं नव्हते, त्यांना आजही माहीत नाही. सुया सरकारच्या, पेशंट सरकारचा, आणि धमकी माझी. थिएटर, वाचलेल्या बायका, ते शेती बघणारं पोर – यातलं काहीही मी या वाक्यापुढं ठेवणार नाही. ते ज्याच्या त्याच्या जागी.

तिनं विचारलेलं खरं होतं, आणि मी दिलेलं उत्तर खोटं होतं. ती साहेबांना दोन महिने म्हणाली असती तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रे घेऊन वॉर्डात गेले असते, तीन खाटांना सुया दिल्या असत्या, आणि लिंबाजीच्या खाटेवरून पुढं निघून गेले असते.